चाक उघडण्याआधी

मी माझ्या हातानं बसवलेली पहिली धाव चाकाला सोडून रस्ता ओलांडून गेली आणि समोरच्या फुटाणेवाल्याच्या दारात जाऊन आडवी झाली. चाक तेवढं माझ्याजवळ राहिलं.

धाव म्हणजे बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते ती. ज्यांचं आयुष्य गाडीत बसण्यात गेलं, गाडी करण्यात नाही, त्यांच्यासाठी सांगतो. ही पट्टी चाकाच्या घेरापेक्षा थोडी लहान कापायची, तिचं कडं करायचं आणि गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचं. तापलं की लोखंड वाढतं. मग सहासात जणांनी चिमट्यांनी एकदम उचलून ते आडव्या ठेवलेल्या चाकावर घालायचं, घणांनी ठोकायचं, आणि लाकूड पेट घेतं न घेतं तोच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, चाकाला आवळतं, आतले सांधे कटकट वाजत जागच्या जागी बसतात. ना खिळा, ना सरस. मला तेव्हा विसावं लागलं होतं, मराठी सात इयत्ता झाल्या होत्या, आणि लहान कडं मोठ्या चाकावर बसवण्याची ही सगळी यातायात मला अडाणीपणाची वाटली. वडील लाकूड पाहायला मंगरूळला गेलेले पाहून मी पट्टी चार बोटं वाढवून कापली. बसली की हो अलगद! घणसुद्धा लागला नाही. मला वाटलं, आपल्या घराण्यात पहिल्यांदाच कुणी डोकं वापरलं.

संध्याकाळी वडील आले, तेव्हा फुटाणेवाला धाव परत करायला आला होता. वडिलांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "चाक मधी ठेवा."

चाक मधे ठेवणं हा आमच्या कारखान्याचा रिवाज होता. कारखाना म्हणजे वाशीमला स्टेशनच्या वाटेवर एक टिनाची शेड, समोर मोकळी जागा, आणि सहासात माणसं. कुणाची गाडी मोडून परत आली, किंवा कामात चूक दिसली, की ते चाक मधे आडवं ठेवायचं, मालकासकट सगळ्यांनी जमिनीवर गोल बसायचं, आणि चाक उघडायचं. म्हणजे धाव काढायची, पुठे काढायचे (पुठे म्हणजे चाकाचा गोल घेर ज्या वाकड्या तुकड्यांचा होतो ते), आरे उपसायचे, शेवटी तुंबा, म्हणजे मधला गड्डा. तुंब्याच्या आतल्या अंगाला ज्यांनी ज्यांनी ते चाक केलं त्यांच्या खुणा डागलेल्या असत. चाक पूर्ण उघडेपर्यंत कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही. मग ज्याचं काम, त्यानं आधी बोलायचं.

त्या दिवशी मी बोललो. सगळे पोट धरून हसले आणि काम पुढे चालू झालं.

वडील काही साधू नव्हते. तोंडानं फाटके होते, आणि त्यांच्या शिव्या ऐकायला बाजाराच्या दिवशी लोक मुद्दाम थांबत. पण हा रिवाज त्यांनी एकदाही मोडला नाही. मी एकदा विचारलं, "बाबा, एवढा वेळ कायले घालवता? कोनाची चूक हाये ते तं दिसूनच राह्यलं." ते म्हणाले, "माणूस भेला का चूक लपवते. लपवलेली चूक गाडीत बसून जाते, अन् वरतं लोकाचं लेकरू बसलेलं राह्यते." मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

ज्यांनी हा मजकूर मागवला त्यांना 'लहान धंदा कसा वाढवावा' या विषयावर चार अनुभवी शब्द हवे होते. वाढवण्याचा अनुभव माझ्याकडे नाही. धंदा बसतो कसा, ते मात्र मी जवळून पाहिलं आहे, मालकाच्या जागेवर बसून पाहिलं आहे. तेव्हा ते सांगतो.

त्यासाठी थावरू सांगितला पाहिजे.

थावरू मानोऱ्याकडच्या एका तांड्याचा. रानातून बाभळीचे ओंडके गाडीवर घालून आमच्याकडे विकायला आणी. पहिल्याच खेपेला वडील ओंडके निवडायला लागले, तर हा बाजूला उभा राहून म्हणाला, "तो नका घेऊ. थो आतून ओला हाये."

"तुले कसं समजलं?"

"वाजते नं."

वडिलांनी त्याला पाठ करून उभं केलं आणि आमच्याकडचे तुकडे एकेक करून हातोडीनं वाजवले. थावरूनं न बघता सांगितलं: वाळला, वाळला, ओला, ह्याले चीर हाये, वाळला, अन् हे लाकूडच नाही. शेवटच्या वेळी वडिलांनी हातोडी दगडावर मारली होती. वडील इतके खूश झाले की त्यांनी त्याला तिथंच कामाला ठेवलं. आमच्या चार सुतार भाईबंदांनी तोंडं वाकडी केली. तांड्याचा माणूस, याच्या सात पिढ्यांत कुणी सुताराचं किकरं धरलं नाही, उद्या आमच्या बरोबरीनं बसणार? वडील म्हणाले, "बरोबरीनंच बसन. अन् मजुरी बी बरोबरीची घेईन. तुमच्यातल्या कोनाले पाठ करून लाकूड ओळखता येत असन तं सांगा, त्याले जास्ती देतो." कुणी पाठ केली नाही.

दोन वर्षांत थावरू धाव बसवण्यात सगळ्यांच्या पुढे गेला. जाळाभोवती आम्ही चिमटे धरून उभे असू आणि तो लोखंडाचा रंग पाहून "उचला!" म्हणे. ते 'उचला' एक क्षण आधी आलं तर धाव बसत नाही, उशिरा आलं तर लाकूड जळतं, आणि एकानं उचलून दुसऱ्यानं नाही उचलली तर कुणाचा तरी पाय जातो. इतक्या वर्षांत कुणाचा पाय गेला नाही. स्वतः थावरूचा हात एकदा पोळला, तेव्हा वडिलांनी दीड महिना त्याची मजुरी चालू ठेवली आणि त्याची जागा कुणाला दिली नाही. तो तांड्यावरून परत आला तो बायकोला, गंगीला, घेऊनच. वाशीमला झोपडी बांधली. त्याचे भाऊबंद दिवाळी झाली की बायकापोरांसकट कामाच्या शोधात बाहेर पडत ते पावसाच्या तोंडाला परतत. थावरूचं ते सुटलं. त्याच्या तांड्यात एका जागी बारा महिने राहणारा तो पहिला.

एक गिऱ्हाईक आठवतं. एक म्हातारे शेतकरी नवीन चाकं नेल्यावर आठ दिवसांनी भांडत आले. म्हणे, चाकं वाजत नाहीत. मी म्हटलं, अहो, न वाजणारं चाक करायला आम्ही जन्म घालवतो. ते म्हणाले, "तुमी घालवा जन्म. माहे बैल त्या कुरकुरीवर चालतात. आता घडीघडी उभे राहून मांगं पाहून राह्यले, गाडी हाये का गेली म्हनून!" मी हसायला लागलो. थावरू हसला नाही. त्यानं म्हाताऱ्याला जुन्या चाकाचा आवाज तोंडानं काढून दाखवायला लावला. म्हाताऱ्यानं भर रस्त्यात तो काढला, थावरूनं आखाजवळ (आख म्हणजे चाकं ज्यावर फिरतात तो दांडा) काहीतरी किंचित सैल केलं, गाडी कुरकुरली आणि बैल चालू लागले. त्या म्हाताऱ्यानं पुढे आपल्या गावातली नऊ गिऱ्हाइकं आणली.

पुढे वडील वारले आणि मी मालक झालो. थावरू मला 'लहाने मालक' म्हणायचा, तो आता नुसतं 'मालक' म्हणू लागला. दोनतीन वर्षं बरी गेली, कारण सगळं वडिलांच्या वळणानं चाललं होतं आणि मला फक्त मधे मधे करायचं नव्हतं.

मग नारायण आला. नारायण म्हणजे माझ्या बायकोचा, यमुनेचा, एकुलता एक भाऊ. स्वभावानं गोड, कामानं घाईचा. त्याला मी पुठे करायला बसवलं. कारखान्यात म्हादबा नावाचे वडिलांच्या वेळचे म्हातारे सुतार होते. ते म्हणाले, "अजून एक वरीस त्याले नुसतं तासू दे. पुठे करनं लवकर होते." मी म्हटलं, "घरचा माणूस हाये, शिकन." इथं माझा पहिला पाय घसरला, आणि घसरताना मला वाटलं की मी एक पाऊल पुढे टाकलं.

त्या वर्षी लग्नसराईत दमण्यांची मागणी फार आली. दमणी म्हणजे माणसांच्या बसण्याची हलकी गाडी. वाळलेलं लाकूड संपत आलं. बाभूळ निदान दोन पावसाळे वाळवावी लागते. नारायणानं मागच्या ढिगातून त्याच वर्षीचे ओंडके काढले, पुठे केले, वर तेल आणि गेरू दिला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण धाव बसवायच्या सकाळी थावरू माझ्याकडे आला. मी गिऱ्हाइकाशी बोलत होतो.

"मालक, हे पुठे ओले हायेत. भद्द आवाज येऊन राह्यला."

"नारायणले सांग."

"त्याले सांगतलं. तो म्हने भाऊजीले इचार."

"मंग बसव. आज गाडी द्याची हाये."

"मालक, उन्हाळ्यात लाकूड आकसन. धाव सुटन."

"थावरू, बसव म्हटलं नं!"

त्यानं बसवली. उत्तम बसवली. ओल्या लाकडावर याच्यापेक्षा चांगली धाव कुणी बसवली नसती.

ती दमणी धनजकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याची होती. आम्ही त्यांना बापूसाहेब म्हणायचो. वर्षाला सातआठ गाड्या घेत, शिवाय त्यांच्या शब्दावर आसपासची गावं आमच्याकडे येत. आखाजीच्या सणाला त्यांनी मुलीला माहेरी आणायला तीच दमणी पाठवली. वैशाखातलं ऊन. पुठे आकसले, धाव ढिली झाली, नाल्याच्या उतारावर चाक पसरलं. मुलगी खाली पडली, तिचा हात कोपरापाशी मोडला. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही. हे लिहायला पाहिजे, कारण चूक कुणाच्या अंगावर जाऊन बसते ते वडिलांनी मला सांगून ठेवलं होतं.

दोन दिवसांनी बापूसाहेब मोडकं चाक दुसऱ्या गाडीत टाकून घेऊन आले. खाली उतरले नाहीत.

"हे कोनाचं काम हाये?"

शेडमधले सगळे हात थांबले. म्हादबा उठले, गाडीतलं चाक दोघांकडून उतरवून घेतलं आणि मधे आडवं ठेवलं. त्यांनी कुणाला विचारलं नाही. रिवाजच तो होता. मग माझ्याकडे पाहत राहिले, मी बसायची वाट पाहत.

बापूसाहेब म्हणाले, "खेळ कायले मांडता? धाव निंघाली. धाव कोन बसवते तुमच्या इथं?"

मी उभाच होतो. माझ्या डाव्या हाताला नारायण, तोंड पांढरं पडलेलं. उजव्या हाताला थावरू. माझ्या डोक्यात त्या वेळी काय काय आलं ते खरं सांगतो. चाक उघडलं तर ओले पुठे दिसणार. पुठे नारायणाचे. नारायण बायकोचा भाऊ. आणि थावरू म्हणणार, मी मालकाला सांगितलं होतं. म्हणजे ते चाक उघडल्यावर आत शेवटी मीच निघणार होतो.

मी म्हणालो, "थावरू बसवते."

"मंग तो इथं कायले उभा हाये अजून?"

थावरू पुढे आला. आवाज चढवला नाही. "मालक, चाक खोलून पाहा. मंग सांगा."

"मले शिकवू नोको," मी म्हणालो. "तुह्यं काम झालं इथलं. जाय."

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याला वाटलं असावं, मी बापूसाहेबांसमोर बोलायचं म्हणून बोलतोय आणि ते गेल्यावर चाक उघडीन. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत तो थांबला. मग मी शेडच्या मागे निघून गेलो. तेव्हा त्यानं चिमटा भिंतीला टेकवला आणि गेला. अकरा वर्षांचं काम संपायला दोन वाक्यं लागली, आणि ती दोन्ही माझी.

चाक चार दिवस तिथंच पडून होतं. जाणारायेणारा त्याला वळसा घालून जाई. पाचव्या दिवशी सकाळी मी आलो तर म्हादबांनी ते एकट्यानं उघडून ठेवलं होतं. पुठ्यांच्या सांध्यांत बोट जाईल एवढी फट. धाव घेराला बरोबर, कुठं कमी नाही, जास्त नाही. तुंब्याच्या आत, पुठे करणाऱ्याच्या जागी, नारायणाची खूण.

"पाह्यलं?" म्हादबा म्हणाले.

"पाह्यलं."

"मंग?"

"पाहू," मी म्हणालो.

या 'पाहू'वर मी बारा वर्षं काढली.

त्यानंतर कारखान्यात जे झालं ते मला पहिलं वर्षभर कळलंच नाही, उलट बरं वाटलं. पूर्वी दर महिन्यात कुणी ना कुणी सकाळी येऊन म्हणे, "मालक, काल ठोकलेला आरा माह्या मनाले पटला नाही, काढू का?" किंवा, "रंध्याखाली गाठ आली होती, म्या दाबून देली, पन झोप नाही लागली." एक दिवस वाया जाई, वडील चारदोन शिव्या देत, चाक मधे येई. थावरू गेल्यावर हे बंद झालं. एकही माणूस काही कबूल करायला आला नाही. मला वाटलं, चला, एकाला काढल्यानं बाकीचे जपून काम करायला लागले. गावात मी हे दोघाचौघांना ऐकवलंसुद्धा, धंदा शिकवल्यासारखं.

चुका होतच होत्या. सांगणं बंद झालं होतं. गाठ दाबली जाई, तिच्यावर गेरू बसे, आणि गाडी जाई. ज्याच्या खांद्यावर ती चूक होती त्यानं आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की इथं आधी सांगणारा माणूस जातो आणि न सांगणारा राहतो. मग कोण सांगेल? मी असतो तर मीही सांगितलं नसतं. गाड्या परत यायला लागल्या. एक आख मोडला, एका चाकाचे तीन आरे निघाले. प्रत्येक वेळी मी विचारी, कुणाचं काम? सगळे एकमेकांकडे न पाहता कामाला लागत. तुंब्यातल्या खुणा डागणंही हळूहळू बंद पडलं. कुणी बंद केलं ते मला अजून माहीत नाही.

धाव बसवताना नारायण "उचला" म्हणू लागला. लोक त्याच्या आवाजावर उचलत नसत, एकमेकांच्या हाताकडे बघून उचलत. दुसऱ्याच वर्षी म्हादबांच्या पायावर तापलेली धाव पडली. त्यांना गाडीत घालून घरी नेलं तेव्हा ते म्हणाले, "आता मले बोलावू नोको, पोरा. आता तुह्या इथं भेव वाटते." ते वडिलांच्या वयाचे होते. एवढं बोलण्याचा त्यांना हक्क होता.

मी थावरूकडे गेलो नाही असं नाही. दोनदा गेलो. गंगी झोपडी मोडून त्याच्याबरोबरच गेली होती, म्हणून तांड्यावर गेलो. पहिल्यांदा त्याची म्हातारी आई भेटली. तिनं पाणी दिलं. म्हणाली, "समदे खडी फोडाले गेले. रस्ता जिथं जाईन तिथं जातात. पानी आल्यावर येतीन." म्हणजे पुन्हा तेच, दिवाळी झाली की बिऱ्हाड पाठीवर. आणि ज्या कानांना ओंडक्याच्या पोटातली चीर ऐकू येई, ते कान दिवसभर दगडावरच्या घणाला लावून तो बसला होता.

दुसऱ्यांदा पोळ्यानंतर गेलो, तेव्हा तो भेटला. वाळला होता. मला खाटेवर बसवलं, आपण खाली बसला. मी बरंच काही बोललो. कारखान्याची रया गेली, म्हादबांचा पाय गेला, तू चल. तो ऐकत होता. मग म्हणाला, "येतो मी मालक. मले का इथं गोड लागते? पन एक हाये. काढलं तवा तुमी समद्याईसमोर काढलं. बापूसाहेबासमोर काढलं. घेतान थे बी तसंच घ्या. चाक मधी ठेवा, अन् सांगा का माही चूक नोती. बस. दुसरं काही मांगत नाही."

यात काहीच जास्त नव्हतं. तो वाढीव मजुरी मागत नव्हता. नारायणाला काढा म्हणत नव्हता. अर्ध्या तासाचं काम होतं. मी बापूसाहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणला, त्यांच्यासमोर "मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही" हे वाक्य मनात म्हणून पाहिलं, आणि ते मनातसुद्धा पुरं झालं नाही. तेव्हा मी माणसं करतात तेच केलं. घरातल्या बाईचं नाव पुढे केलं.

"थावरू, माह्यं काही नाही. मी उद्या सांगीन. पन घरात समजून घे. तिचा एकुलता एक भाऊ हाये. थे ऐकनार नाही."

झोपडीच्या दारात गंगी उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत गेली.

थावरू उठला. "मंग राहू द्या मालक. घर मोडून मी कायले येऊ?"

त्यानं माझ्या बैलांना पाणी दाखवलं आणि गाडीला जुंपून दिले. परतताना मला खरोखरच थोडं बरं वाटलं. आपण प्रयत्न केला, असं वाटलं. याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

पुढचं लवकर संपतं. बापूसाहेबांनी दोन वर्षांनी गाड्या कारंज्याला करायला दिल्या, त्यांच्यामागे गावं गेली. भाईबंदांपैकी दोघे गेले. नारायणानं स्वतःची शेड घातली, तीही चालली नाही. लढाईच्या दिवसांत लोखंड मिळेना झालं, रस्त्यावर लॉऱ्या दिसू लागल्या, आणि गेल्या उन्हाळ्यात मी कारखाना बंद केला. लोक म्हणतात, लॉरीनं तुमचा धंदा खाल्ला. मी मान हलवतो. पण आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात लॉरी चार हात जात नाही, गाडीच लागते, आणि कारंज्याच्या त्या कारखान्यात आजही दहा माणसं काम करतात. तिथला मालक माझ्यापेक्षा हुशार नाही. मी त्याला ओळखतो, तो फार साधा माणूस आहे. चूक झाली की तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, एवढंच त्याला येतं.

धंद्याविषयी मला जे कळलं ते इतकं थोडं आहे. लहान धंद्यात मालकाला सगळं दिसत नाही, आणि सातजणांतला एखादा सांगेल तेव्हाच दिसतं. त्यानं सांगावं असं वाटत असेल तर त्याला आधी खात्री लागते की इथं आपलं ऐकून घेतील, आणि घरच्याला जो न्याय तोच आपल्याला. ती खात्री वडिलांनी वीस वर्षं राबून केली होती. दयाधर्म म्हणून केली नव्हती, चाकं चांगली व्हावीत म्हणून केली होती. ती मोडायला मला दुपारची पाच मिनिटं पुरली. पुन्हा करायला मी सुरुवातच केली नाही.

शेड उतरवली त्या दुपारी मी घरी येऊन बसलो. यमुना ओसरीवर तूर पाखडत होती. मन भरून आलं होतं, आणि अशा वेळी माणसाला आपण मोठा त्याग केला असं काहीतरी बोलावंसं वाटतं. मी म्हणालो, "थावरू असता तं हे दिवस आले नसते. पन म्या तुह्यासाठी त्याले परत आनला नाही. तुह्या भावाचं नाव निंघालं असतं."

तिचं सूप थांबलं.

"माह्यासाठी?"

"मंग! म्या थावरूले तसंच सांगतलं. म्हटलं, घरात थे ऐकनार नाही."

"कवा सांगतलं?"

"म्हादबाच्या पायावर धाव पडली त्या साली. तांड्यावर गेलो होतो तवा."

ती म्हणाली, "नारायणानं मले थ्याच आठवड्यात समदं सांगतलं होतं. रडला होता. म्या त्याले म्हटलं, जाय, भाऊजीपाशी कबूल हो, थावरूले बोलावून आना. तो म्हने, भाऊजीले ठाऊक हाये. म्या म्हटलं, त्याईले ठाऊक असन तं थे करतीन."

"तू मले काहून नाही बोलली?"

"तुमी मले काहून नाही इचारलं?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "पोळ्याच्या बाजारात गंगी भेटे मले. दर साली. पह्यले तिच्या लेकराले म्या गूळ देत जाव, थे माह्या गळ्यात पडे. मंग एका सालापासून तिनं मले पाह्यलं का रस्ता बदलवला. हाक मारली तं मांगं पाहे नाही. मले वाटे, बाप्पा, मी हिचं काय केलं असन? घरी येऊन इचार करत जाव, का मी कवा वंगाळ बोलली का, कवा हात आखडता घेतला का." ती उठली. "दहा वर्सं थे बाई समजून राह्यली का तिच्या नवऱ्याले म्या काढलं. अन् मले आज समजून राह्यलं."